आनंदीबाईंची सातासमुद्रापारची मावशी

१८८० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर दंतवैद्याकडे पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. हाती आलेल्या मिशनरी मासिकात त्यांनी एक पत्रव्यवहार वाचला. टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. संपादकाने मात्र धर्मांतर सुचवले होते. ते जोशी दांपत्याला मान्य नव्हते. कार्पेंटरबाईंनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र लिहिले.

कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहाच दिवसांत दगावले आणि डॉक्टर होण्याची इच्छा त्यांच्या मनात रुजली. नवऱ्याच्या बदल्यांमुळे गावे बदलत होती, शिकणारी बाई म्हणून लोकांचे टोमणे सोसावे लागत होते. अशा दिवसांत या पत्रांनी त्यांना मन मोकळे करायला जागा दिली. वयाने मोठ्या कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या. कलकत्त्यात डोकेदुखी, ताप, धाप यांनी आनंदीबाई बेजार झाल्या, तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही, पण पत्रे थांबली नाहीत.

जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी हजर होती. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात कडाक्याची थंडी आणि न मानवणारा आहार यांनी प्रकृती ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही ठरली. मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

मैत्रीने क्षय बरा होत नाही. त्याचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता, पण त्यावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडले. मात्र आजारी माणसाला उभे ठेवण्यात मैत्रीचा वाटा मोठा असतो. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. मनातले बोलता आले की ताण हलका होतो. दीर्घकाळचा ताण रक्तदाब, झोप आणि प्रतिकारशक्ती बिघडवतो. शिवाय मित्र आपले दुखणे लवकर ओळखतो आणि दवाखान्यात जायला भाग पाडतो.

आज धावडा असो वा पुणे, क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. पहिल्या दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमक्या तेव्हा अनेकांच्या गोळ्या सुटतात. गोळी घेतली का, असे रोज विचारणारे कुणीतरी तेव्हा जवळ हवे. दोन आठवडे खोकला असलेला मित्र दिसला, तर त्याला थुंकीच्या तपासणीला घेऊन जावे. आणि बरेच दिवसांत न बोललेल्या मित्राला आजच फोन करावा. आनंदीबाईंच्या मावशीला तर एकेका उत्तरासाठी बोटीची वाट पाहावी लागत होती.