विद्यार्थ्याला दिसलेली बेटे
मधुमेहाविषयी वाचताना स्वादुपिंडातील ‘लँगरहान्सची बेटे’ हे नाव हमखास भेटते. पॉल लँगरहान्स यांचा जन्म १८४७ मध्ये बर्लिनचा. वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच, १८६८ मध्ये, त्यांनी त्वचेतील नव्या पेशींचे वर्णन केले. पुढच्या वर्षी, वयाच्या २१ व्या वर्षी, पदवीच्या प्रबंधासाठी सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांना पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. त्यांचे कार्य आपल्याला उमगलेले नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. क्षयामुळे प्राध्यापकी सोडून ते मदीरा बेटावर राहिले. तिथेच १८८८ मध्ये, ४० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या पुंजक्यांतूनच इन्सुलिन स्रवते, हे त्यांना कधीच कळले नाही. १९२२ मध्ये टोरांटोत ते इन्सुलिन एका मधुमेही मुलाला टोचले गेले आणि तो वाचला.