डॉ. मारिया माँटेसरी : मागे पडलेल्या मुलांच्या बाई

बालवाडीला 'माँटेसरी' म्हणणारे पुष्कळ. पण ही पद्धत मुळात कोणत्या मुलांपासून सुरू झाली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

मारियाबाईंचा जन्म १८७० साली इटलीत झाला. १८९६ मध्ये त्या रोम येथे डॉक्टर झाल्या. तेथील वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी बुद्धीची वाढ मागे पडलेली मुले पाहिली. उघड्याबोडक्या खोलीत कोंडलेली. हाताळायला एक वस्तू नाही! या मुलांना औषधापेक्षा शिक्षण हवे, हे बाईंनी ओळखले. इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासून १९०० साली त्या अशा मुलांना शिकवू लागल्या. बोटांनी अक्षरे चाचपून मुले लिहू-वाचू लागली. काही तर सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी नवल केले. बाईंना मात्र प्रश्न पडला, की मग धडधाकट मुले इतकी मागे का? त्यातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत त्यांचे 'मुलांचे घर' उघडले.

१९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या. त्यांचा विचार ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीच्या मातीत रुजवला. १९५२ साली मारियाबाई निवर्तल्या.

खेड्यात उशिरा बोलणारे मूल आजही ओटीवर एकटे बसलेले दिसते. त्याला वेळीच इतर मुलांत आणून बसवणे, हेच बाईंचे खरे स्मारक होय.