कै. चिंतामणराव देशमुख : तत्त्वनिष्ठेचा वस्तुपाठ

पेण-रोह्याच्या परिसरातील आपल्या ज्ञातीची अनेक मुलेमुली आज कायद्याचे शिक्षण घेत आहेत. कायदा काय सांगतो, हे ग्रंथांतून शिकता येते. पण कायद्याने मोकळे ठेवलेल्या ठिकाणी काय करावे, हे मनावरील संस्कारच ठरवितात. त्याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडनजीकच्या नाते गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील. रोह्याशी या कुटुंबाचा निकटचा संबंध होता. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व १९५० साली भारताचे अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठविले.

खरी कसोटी १९५६ साली लागली. मुंबई केंद्रशासित करण्याचे ठरले. त्याविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. मंत्रिपद सोडावे, असे कोणताही कायदा त्यांना सांगत नव्हता. पण एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाचा यथायोग्य विचार न घेता व्हावा आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होऊ नये, या दोन गोष्टी त्यांच्या मनाला पटेनात. हा प्रश्न केवळ मराठी अभिमानाचा नव्हता. निर्णय कोणत्या रीतीने घ्यावा आणि सत्तेने आपल्या कृत्याचा जाब द्यावा की नाही, हा होता. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थखाते सोडले व लोकसभेत आपली भूमिका निःसंदिग्धपणे मांडली.

पद गेले, पण कार्य थांबले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९५९ साली त्यांनी सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी उच्चाधिकारी न्यायाधिकरण असावे, असा आग्रह धरला. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्वतः कायदेपंडित व घटनासमितीच्या सदस्या होत्या. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारे हे रसिक विद्वान २ ऑक्टोबर १९८२ रोजी कालवश झाले.

उद्या आपल्या वकील मुलांपुढे असा प्रसंग येईल, की जे करणे कायद्यात बसते ते मनाला रुचत नाही. त्या वेळी चिंतामणरावांची आठवण त्यांना मार्गदर्शक ठरो, हीच कुलदेवतेच्या चरणी प्रार्थना.