पेन-पेन्सिलवाले हायाकावा



परवा एका आजोबांनी आपली जुनी पेन-पेन्सिल वर्गात आणली. ती पिळली की शिसे पुढे यायला हवे, पण ते अडकून बसले होते. आम्ही जोर लावला नाही. जोर लावला तर आतले आटे जातात. पिळून आतली दांडी मागे घेतली आणि टोकातून बारीक तार घालून तुकडा हळूच मोकळा केला. नवे शिसे घातले, तर ते सरळ गळून पडले! हल्लीचे शिसे बहुधा ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरचे असते. अशा बऱ्याच जुन्या पेन्सिलींना १.१८ मिलिमीटरचे लागते. ते मिळाल्यावर पेन्सिल झकास लिहू लागली.

आज आम्ही अशाच पेन्सिलीवर मेहनत घेतलेल्या एका जपानी कारागिराची गोष्ट सांगणार आहोत.

तोकुजी हायाकावा यांचा जन्म १८९३ साली टोकियोत झाला. तान्हेपणीच ते दत्तक गेले. त्या घरी सावत्र आईने त्यांचे फार हाल केले. शाळा दुसरीतच सुटली आणि काड्यापेट्या चिकटवण्याचे काम नशिबी आले. शेजारच्या एका अंध बाईंना त्यांची दया आली. त्यांनी १९०१ मध्ये तोकुजीला धातूचे नक्षीकाम करणाऱ्या कारागिराकडे कामाला लावले. तिथे त्यांचा हात तयार झाला.

१९१२ मध्ये त्यांनी छिद्रे नसलेल्या पट्ट्याचे बक्कल तयार केले आणि स्वतःचा कारखाना काढला. भांडवल जेमतेम ५० येन, त्यातले ४० उसने!

१९१५ मध्ये त्यांच्याकडे पेन-पेन्सिलीच्या आतले भाग बनवण्याचे काम आले. अशा पेन्सिली आधीपासून होत्या, पण त्या तकलादू असत. हायाकावांनी आतला भाग पितळेचा आणि मजबूत केला. बाहेरची नळीही धातूची केली. पण दुकानदार घेईनात. धातू थंडीत हाताला गार लागतो आणि किमोनोवर शोभत नाही, अशी त्यांची तक्रार! त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते आणि जर्मन माल मिळेनासा झाला होता. योकोहामाच्या एका व्यापाऱ्याने परदेशी पाठवण्यासाठी मोठी मागणी नोंदवली. मग जपानमध्येही पेन्सिल खपू लागली. तिचे नाव होते एव्हर-रेडी शार्प.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो भागात मोठा भूकंप झाला. हायाकावांची पत्नी आणि दोन्ही मुले गेली. कारखाना जळाला. कर्ज फेडण्यासाठी पेन्सिलीचे हक्कही दुसऱ्यांना द्यावे लागले. ते ओसाकाला गेले आणि बरोबर एका वर्षाने, १ सप्टेंबर १९२४ रोजी, त्यांनी नवा कारखाना सुरू केला. १९२५ मध्ये तिथे रेडिओ तयार झाला, पुढे दूरदर्शन संच आणि गणकयंत्रेही. पेन्सिल हातची गेली, पण तिचे नाव राहिले. तीच ही शार्प कंपनी!

हायाकावा त्या अंध बाईंना विसरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अंधांना काम देणारा कारखाना काढला. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

घरी एखादी जुनी पेन-पेन्सिल पडली असेल, तर पुढच्या वेळी घेऊन या. आपण मिळून चालू करू.