कलामहर्षी बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरातील एका कारागीर कुटुंबात झाला. आप्त आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या पडद्यांमुळेच 'पेंटर' हे नाव त्यांना मिळाले.

मूकपट पाहून दोघांनाही चित्रपटनिर्मितीचा ध्यास लागला. परंतु परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले आणि स्वप्न अर्धवट राहिले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा घडवला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक मदतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके बाबूराव स्वतः रंगवीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही भिंतीवरचे चित्र कथेचे सार सांगे. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा मांडली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल आणि शांताराम या शिष्यांनी वेगळे होऊन प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बाबूराव पुढे चित्र-शिल्पकलेकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. साधनांच्या अभावी ते थांबले नाहीत. हवे ते साधन त्यांनी स्वहस्ते घडवले.