गीता 6.32 : बंदिवानांसाठी दारोदार फिरलेले सेनापती

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 32



आजचा श्लोक दोनच ओळींचा आहे. आपल्याला जसं लागतं तसंच दुसऱ्यालाही लागतं, हे ज्याला सगळीकडे दिसतं, मग समोर सुख असो की दुःख, तो भगवंतांच्या मते सगळ्यांत वरचा योगी. गंमत बघा, याच अध्यायात आधी एकांत, आसन, नजर, आहार, झोप यांचे नियम येतात. एवढं सगळं साधून साधक पोचतो कुठे? तर दुसऱ्याच्या सुखदुःखाच्या दारात.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. आज मात्र वाचताना मान खाली गेली. आमच्या गावातल्या एका मावशींचा मुलगा काही महिन्यांपासून येरवड्याला तुरुंगात आहे. खटला अजून उभा राहायचाय. गुन्हा खरा की खोटा, मला माहीत नाही. मावशी एकट्याच बसने मुलाकातीला जातात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला सोबत येता का म्हणून विचारलं आणि मी कामाचं निमित्त सांगून मोकळा झालो. काम काहीच नव्हतं. लोक काय म्हणतील, एवढंच मनात होतं.

त्यामुळे आज मुळशीतल्या कुणालाही परकं नसलेलं एक चरित्र डोळ्यांसमोर आलं. सेनापती बापटांचं. त्यांनी तुरुंग भोगला हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच्याही आधी ते दुसऱ्यांच्या तुरुंगवासासाठी दारोदार फिरले होते, हे फारसं सांगितलं जात नाही.

पांडुरंग महादेव बापट. जन्म 12 नोव्हेंबर 1880, पारनेरचा. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून 1904 साली इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाउस, सावरकरांचा सहवास आणि पुढे पॅरिस. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकणाऱ्यांत बापटांबरोबर बंगालचे हेमचंद्र दास कानूनगो होते.

1908 साली अलिपूर बॉम्ब खटला उभा राहिला. हेमचंद्र पकडले गेले, त्यांना जन्मठेप झाली आणि ते अंदमानला गेले. बापटांचं नावही माफीच्या साक्षीदाराने घेतलं होतं, पण ते भूमिगत झाले. सुमारे चार वर्षं अज्ञातवासात काढल्यावर इंदूरला सापडले. पुरावा उभा राहिला नाही, म्हणून सुटले. एकाच खोलीत एकच गोष्ट शिकलेले दोघे. एक काळ्या पाण्यावर कोलू ओढायच्या तुरुंगात, दुसरा पारनेरला आपल्या घरी.

घरी आलेल्या बापटांनी झाडू हाती घेतला. पहाटे उठून गावातले रस्ते झाडायचे, घाण उचलायची. 1914 साली मुलगा झाला तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मंडळींची बसवली. त्या काळच्या पारनेरात हे केवढं धाडस असेल, विचार करा.

आता आजच्या विषयाशी थेट येतो. अंदमानात त्या वेळी काय परिस्थिती होती? घरी पत्र लिहायचं ते वर्षातून एकदा. घरचं पत्र यायचं तेही वर्षातून एकदा. बारा महिन्यांचं सगळं त्या एका कागदावर मावायला हवं, आणि तोही कागद आधी साहेबाच्या नजरेखालून जायचा. भेट तर वर्षानुवर्षं नाही. सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांनी अर्जांमागून अर्ज केले, तेव्हा 1919 साली भेटीची परवानगी मिळाली. नारायणराव आणि तात्यारावांच्या पत्नी यमुनाबाई समुद्र ओलांडून गेले. पण बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मात्र त्या भेटीला नव्हत्या. नवऱ्याला एकदा डोळ्यांनी पाहावं ही आस धरून त्यांनी वर्षं काढली होती, आणि परवानगी हाती पडायच्या आधीच त्या वारल्या. बाबाराव तिकडे वाट बघत असतील. समोर भाऊ आला, भावजय आली, आणि आपलं माणूस नाही. यावर अधिक काय लिहायचं?

या अंदमानातल्या बंद्यांच्या सुटकेसाठी नारायणरावांनी सह्यांची मोहीम काढली. बापट त्यात उतरले. त्यांनी राजबंदी मुक्ती मंडळ स्थापन केलं. लेख लिहिले, सभा घेतल्या आणि कागद घेऊन घरोघर फिरले. तुम्ही कधी सह्या गोळा केल्या असतील तर कल्पना येईल. कुणी दार उघडत नाही, कुणी उद्या या म्हणतो, कुणाला पोलिसांची भीती. त्या वेळी तर सरकारच्या शत्रूंसाठी सही मागायची होती. ज्याचं स्वतःचं नाव खटल्यात येऊन गेलंय, त्याने पुन्हा अशा कामासाठी लोकांच्या दारात उभं राहायचं म्हणजे जोखीमच. त्यांच्या मनात काय होतं ते मी कसं सांगणार? पण मला सारखं वाटतं, प्रत्येक दारात त्यांना आपल्या जागी आत गेलेला जोडीदार दिसत असेल. आजच्या श्लोकाचा अर्थ मला या फिरण्यात सापडतो. मीच तिथे असतो तर माझ्यासाठी कुणी फिरावं असं मला वाटलं असतं, म्हणून मी फिरतो. इतकं साधं.

मग आली मुळशी. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण होणार, मुंबईला वीज जाणार आणि मावळातली सुमारे 50 गावं पाण्याखाली जाणार. आंबेमोहोर पिकवणारी ही खाचरं. 16 एप्रिल 1921, रामनवमीच्या दिवशी मावळे कामाच्या जागी जाऊन बसले, त्यांत बायकाही होत्या. विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे या लढ्याचे मोठे आधार. लोकांनी बापटांना सेनापती म्हणायला सुरुवात केली ती इथूनच.

या सत्याग्रहात अनेक जण येरवड्याच्या तुरुंगात गेले. शेतकरी माणसं. आत दळण, खडी फोडणं आणि मनात सारखा बाहेरचा विचार, आपल्या जमिनीचं काय झालं असेल. 1923 साली यांतल्या काही कैद्यांना काम कमी केलं म्हणून फटक्यांची शिक्षा दिली गेली. निषेध म्हणून शंकरराव देव आणि दास्ताने यांनी तुरुंगातच उपोषण सुरू केलं. त्याच तुरुंगात दुसरीकडे महात्मा गांधी शिक्षा भोगत होते. हे कळल्यावर त्यांनी या दोघांना भेटू द्या म्हणून अधिकाऱ्यांकडे चिकाटीने मागणी लावून धरली. आपली घरी जाणारी पत्रं सरकार कापणार म्हटल्यावर ज्यांनी पत्र लिहिणंच सोडलं होतं, ते गांधीजी या भेटीसाठी मात्र पुन्हा पुन्हा विनंती करत राहिले. शेवटी परवानगी मिळाली. भेट झाली, उपोषण सुटलं. पुढे फटक्यांच्या शिक्षेवरही सरकारने बंधनं आणली. एका कैद्याने दुसऱ्या कैद्याला भेटणं, तेही एकाच भिंतीच्या आत, इतकं कठीण होतं. पण त्या भेटीने उपाशी बसलेले दोन जीव वाचले.

बापटांना या लढ्यात तीनदा शिक्षा झाली. पहिल्या दोन लहान. तिसरी मोठी. 1924 मध्ये लढा विझत आला होता, सावकारांनी मोबदला घेऊन वाट बदलली होती. तेव्हा बापटांनी मोजके साथीदार आणि हत्यारं घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं ते थेट सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात. कुठे पारनेर, कुठे मुळशी आणि कुठे सिंध! ज्यांच्यासाठी लढले ते मावळे तिथवर पोचणार कसे? इकडे भिंत उभी राहिली, पाणी चढलं, गावं बुडाली. 1931 साली सुटले, त्याच वर्षी एका भाषणाबद्दल पुन्हा आत. 1937 साली बाहेर आले तेव्हा वय 56.

शस्त्र हाती घेण्याच्या त्यांच्या मार्गाबद्दल तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. मलाही तो मार्ग पटत नाही. पण वाचकहो, इथेच एक गोष्ट उमगते. कैद्याला भेटायला जाणं म्हणजे त्याने केलेल्या गोष्टीवर आपण सही करणं नव्हे. न्यायाचं काम न्यायाधीश करतील. श्लोकात भगवंतांनी दुःख कुणाचं, निर्दोषाचं की दोषीचं, अशी चाळणी लावलेली नाही. ती चाळणी मी लावून बसलो होतो.

पुढचं चरित्र थोडक्यात. बापटांनी श्रीअरविंदांच्या मोठ्या तत्त्वग्रंथाचं दिव्यजीवन या नावाने मराठी भाषांतर केलं. हे श्रीअरविंदही अलिपूर खटल्यातलेच एक कैदी. गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांत बापट म्हातारपणीही पुढे होते. 28 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. पुण्यात आपण सेनापती बापट रस्त्यावरून रोज जातो. सिग्नलला थांबलो की एकदा तरी त्यांची आठवण काढावी.

आता माझं सांगतो. काल संध्याकाळी मावशींकडे गेलो. मागच्या वेळी खोटं बोललो हे कबूल केलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकला. पुढच्या मुलाकातीला त्यांच्यासोबत जाणार आहे. मी नात्यातला नाही, मला आत सोडतील की नाही सांगता येत नाही. नाही सोडलं तर बाहेर पिशवी धरून उभा राहीन, येताना बसमध्ये शेजारी बसेन. त्या निघताना मुलाला कागदावर चार ओळी लिहून द्यायला सांगणार होत्या, त्या रात्री लिहून दिल्या. गावात पाऊस कसा आहे, भात कुठवर आलाय, त्याच्या आईची तब्येत ठीक आहे, एवढंच. उपदेश एकही नाही.

आजचं चिंतन : आपल्या ओळखीत कुणी तुरुंगात असेल, तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना शेवटचं कधी भेटलो? लोक काय म्हणतील या भीतीने कुणाचं दार टाळतोय का?

आजचा संकल्प : एक पत्र. ते जमत नसेल तर त्या घरी एक चक्कर.

प्रार्थना : हे पांडुरंगा, भिंतीच्या आत असलेल्यांना कुणीतरी आपली वाट बघतंय हे कळू दे. बाहेर असलेल्या आम्हांला तिथवर जाण्याचं बळ दे. आणि निमित्तं सांगायची आमची सवय तेवढी काढून घे.

उद्या श्लोक 33. मन फार चंचल आहे हो, अशी अर्जुनाची तक्रार. भेटू.

॥ राम कृष्ण हरी ॥