ट्रंकेतले रुमाल आणि रमाबाई

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तळाशी सासूबाईंच्या हातचे क्रोशाचे बावीस रुमाल निघाले. पाटावरचा, तांब्यावर झाकायचा, टीव्हीवर टाकायचा. आता टीव्हीच भिंतीला चिकटला, रुमाल टाकायचा कुठे? दारात बोहारीण बसलेली. तिने साड्या घेतल्या आणि रुमाल बाजूला सारले. म्हणजे यांची किंमत शून्य!

मी ते परत ठेवायला लागले, तर सासूबाई हळूच म्हणाल्या की एकदा ओळखीच्या एका बाईने पैसे देऊन रुमाल करून मागितले होते. पण आपल्या घरातल्या बायका हातकाम विकतात हे बरं दिसत नाही, म्हणून घरच्यांनी नाही म्हटलं. मग त्या नुसत्याच विणत राहिल्या. हे ऐकलं आणि मला रमाबाई रानडे आठवल्या.

आमचं निफाड म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं जन्मगाव. १८ जानेवारी १८४२ ची त्यांची जन्मतारीख इथल्या शाळकरी पोरांना पाठ असते. पण त्यांच्या पत्नीबद्दल आपण बायकासुद्धा फारसं बोलत नाही.

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर, सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या. १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहामुळे त्यांचं दुसरं लग्न झालं. नवरी ११ वर्षांची, नवरदेव ३१ चे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने लहान मुलीशी लग्न केलं म्हणून लोकांनी नावं ठेवली, आणि ती काही खोटी नव्हती. नवरीला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः तिला शिकवायला घेतलं. दिवसा घरकाम, रात्री पाटी. घरातल्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोला, वाढीव कामं, सगळं या मुलीने सोसलं, पण पाटी सोडली नाही.

पुढे रानड्यांची बदली नाशिकला झाली. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, रमाबाई चारचौघांत पहिल्यांदा बोलल्या त्या नाशिकच्या हायस्कुलात, प्रमुख पाहुणी म्हणून. ते भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. नंतर मात्र त्या स्वतःच्या शब्दांत बोलू लागल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, हे मागणारं इंग्रजी निवेदन त्यांनी गव्हर्नरसमोर वाचलं. घरी आल्यावर काय ऐकावं लागलं असेल, ते आपल्याला सांगायला नको! ती हुजूरपागेची शाळा १८८४ साली सुरू झाली.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसायचं, एवढंच लोकांना ठाऊक. रमाबाईसुद्धा काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांशी बोलू लागल्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तेही स्वतःच्या वाड्यात. तिथे वाचन-लेखन होतं, शिवण-भरतकाम होतं, पुढे शिक्षिका आणि नर्स होण्याचं शिक्षणही आलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. सुई-दोरा आपल्या घरांत पूर्वीपासून होताच, पण तो दुपारचा वेळ घालवायला. सेवासदनात त्याच सुईकडे पोट भरण्याचं साधन म्हणून पाहिलं गेलं. टाकून दिलेली, विधवा झालेली बाई तिथे शिकून चार पैसे मिळवू लागली आणि त्यात कमीपणा नाही हे समाजाला कळू लागलं. रमाबाई १९२४ साली गेल्या. १९६२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी कामाला लागलो.

आधी सुटलेले टाके त्याच रंगाच्या दोऱ्याने धरून घेतले. धुतल्यावर भोक मोठं होतं, म्हणून हे आधी. मग रुमाल रिठ्याच्या कोमट पाण्यात तासभर भिजवले. चोळायचे नाहीत, पिळायचे नाहीत. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत सपाट पसरून वाळवायचं. भाताच्या पेजेची पातळ खळ दिली की कडा छान उभ्या राहतात.

एक लक्षात ठेवा, क्रोशाला कात्री लावायची नाही, नाहीतर सगळं उसवत जातं. रुमाल अख्खाच वापरायचा. मोठे चार आम्ही गडद खणावर बारीक टाक्यांनी शिवून उशांचे अभ्रे केले. लहान सहा गोफात ओवून दाराला तोरण केलं. दोन पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पालथ्या वाटीवर वाळवले. त्यांच्या हळदी-कुंकवाला ठेवायच्या जाळीदार परड्या झाल्या.

शेजारणीने तोरण पाहिलं आणि तसंच लेकीच्या घरासाठी मागितलं. मी सवयीने फुकट देणार होते. सासूबाईंनी मला थांबवलं. दोऱ्याचे किती, दुपारी किती लागल्या, असा हिशेब बोटांवर मांडून त्यांनी पैसे सांगितले, आणि शेजारणीने ते आनंदाने दिले. आयुष्यभर विणलेल्या हातांची ती पहिली कमाई. नोटा पदरात बांधताना त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी चष्मा पुसून पुन्हा साखळी घालायला बसल्या.

तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेलच. ती उघडा, आणि ते रुमाल कुणी विणले तेही घरात विचारा.